डेस्कटॉप ओव्हरक्लॉक करायचाय? आधी रॅम, मग प्रोसेसर, आणि मध्ये भरपूर तपासणी

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचे, बहुतेक व्हिडिओ पंधरा मिनिटांत आटोपतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जा, हे चालू करा, ते उणे तीस करा, स्कोअर वाढला, भेटू पुढच्या व्हिडिओत. सेटिंग बदलायला खरंच तेवढाच वेळ लागतो. पण ते सेटिंग टिकतंय की नाही हे ठरवायला कित्येक रात्री जातात, आणि नेमकं तेच कोणी दाखवत नाही. या लेखातला मोठा भाग त्या रात्रींबद्दल आहे.

फायदा किती होईल तेही आधी सांगून टाकतो. १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, त्याची बस (मूळ ठोक्याचा वेग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायची, की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. २०११ चा कोअर आय५-२५००के मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, साध्या हवेच्या कूलरवर तो ४.५ पर्यंत नेणारे पुष्कळ होते. ते दिवस गेले. आता कंपनीच प्रत्येक चिप तिच्या कुवतीच्या काठापर्यंत आपोआप पळवते, त्यामुळे प्रोसेसरमधून हाती लागतात ते थोडेसेच टक्के. रॅमचं मात्र वेगळं आहे. ६००० वेगाची रॅम घेऊन ती वर्षभर ४८०० वर चालवणारे लोक मी सतत बघतो. त्यांच्यासाठी हा लेख पैसावसूल आहे.

उदाहरणासाठी एक मशीन धरू: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० स्टिक. इंटेलवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

१. तुमच्या मशीनमध्ये हे चालतं का ते बघा

एएमडीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये मल्टिप्लायर (मूळ ठोक्याला गुणून वेग ठरवणारा आकडा) उघडा, म्हणजे बदलता येणारा असतो, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला हवा. ए३२० किंवा ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांसारख्या चिपचा मल्टिप्लायर बंद असतो. ९८००एक्स३डीपासून तो उघडला.

इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. बी६६०, बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच६१० वर दोन्ही विसरा. दुकानदार 'सगळं चालतं साहेब' म्हणतो, तेव्हा बोर्डाचं पूर्ण नाव कंपनीच्या साइटवर टाकून स्वतः वाचा.

ब्रँडेड तयार डेस्कटॉप आणि ऑफिसातली मशीनं यांच्या बायोसमध्ये हे पर्याय बहुधा नसतातच.

२. हाताशी काय हवं

कागदपत्रं आणि सामान:
- प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमची जीएसटी बिलं
- बोर्डाचं मॅन्युअल (पीडीएफ मोबाइलवर ठेवा, त्याच मशीनवर ठेवून उपयोग नाही)
- बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) रिकव्हरी की, कागदावर लिहून
- दोन पेनड्राइव्ह: एक बायोससाठी, एक रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ साठी
- महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, मशीनच्या बाहेरच्या डिस्कवर
- खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर
- वही

सॉफ्टवेअर: एचडब्ल्यूइन्फो६४, सीपीयू-झेड, सिनेबेंच, ओसीसीटी, टेस्टमेम५, प्राइम९५ आणि रायझनसाठी कोअरसायकलर. ही सगळी घरगुती वापराला फुकट मिळतात.

वॉरंटीबद्दल गैरसमज नको. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, मग ते कंपनीनेच दिलेल्या सोयीतून केलेलं का असेना. बायोसमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट' दाबण्याआधी जी पाटी येते, तिच्यात हेच लिहिलेलं असतं.

३. वीज आणि ऊन

इंग्रजी मार्गदर्शक एसी लावलेल्या किंवा थंड देशातल्या खोलीत लिहिलेले असतात. त्यांचे तापमानाचे आकडे तसेच्या तसे उचलू नका.

हिशेब सोपा आहे. पूर्ण लोडवर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा किती वर जातो तो फरक काढा. समजा जानेवारीत खोली २४ अंश आणि प्रोसेसर ७८. फरक ५४. हाच फरक मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत धरला तर ९४. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. म्हणजे थंडीत निवांत वाटणारं सेटिंग अकोल्यात, नागपुरात किंवा चंद्रपुरात उन्हाळ्यात काठावर येतं. चिप जळणार नाही, ती स्वतःच वेग कमी करेल. पण मग एवढा खटाटोप केला कशाला? हिवाळ्यात ट्यूनिंग करत असाल तर मे महिन्याचा आकडा वहीत आधीच लिहून ठेवा आणि त्यावरून ठरवा.

घरात पाण्याचा कूलर असेल तर कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. हवा गार लागते, पण दमट असते. कॅबिनेटच्या जाळ्या आणि हीटसिंकची धूळ हे सगळं सुरू करण्याआधी काढा. नुसत्या धुळीनेच तापमान बरंच वर गेलेलं असतं.

विजेचं दुसरं. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे त्या कामापुरता तरी यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. बायोस अपडेटला तो पुरतो. मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण लोडवर असताना तो तग धरेल असं समजू नका. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं.

४. आधी आहे ते मोजा

काहीही न बदलता एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि सिनेबेंच दहा मिनिटं चालवा. स्कोअर, सर्वांत जास्त तापमान, वॉट आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. मग मूळ सेटिंगवरच मेमटेस्ट८६ एक रात्र लावा. हे लोक हमखास टाळतात. रॅमची स्टिक मुळातच सदोष असेल तर पुढचे पंधरा दिवस तुम्ही सेटिंगला दोष देत बसाल.

५. बायोस अपडेट करा, पण बिटलॉकर सांभाळून

एएम५ (रायझन ७००० ज्यात बसतो ते सॉकेट) बोर्डांवर जुना बायोस ठेवून पुढे जाऊच नका. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या रॅम सांभाळणाऱ्या भागाला मिळणारं) गरजेपेक्षा जास्त देत होते. त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर अडवलं. ही मर्यादा नव्या बायोसमध्येच आहे.

आता सापळा. विंडोज ११ पुष्कळदा तुम्हाला न विचारता ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून ठेवतं. बायोस बदलला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण खातं कोणाच्या ईमेलवर उघडलंय हेच आठवत नाही अशी घरं कमी नाहीत. म्हणून आधी की लिहून घ्या, मग बिटलॉकर तात्पुरता थांबवा, मगच अपडेट. अपडेटनंतर एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचं का असा प्रश्न आला आणि की हाताशी नसेल, तर 'एन' दाबा.

६. रॅम: प्रोफाइल चालू करणं

स्टिक योग्य खाचांत आहेत का ते आधी बघा. चार खाचा असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. शेजारीशेजारी लावलेल्या स्टिक मी नवीन असेंबल केलेल्या मशीनमध्येही पाहिल्या आहेत.

बायोसमध्ये एक्स्पो (एएमडी) किंवा एक्सएमपी (इंटेल) असा पर्याय असतो. आसूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी असंही नाव दिसतं. तो चालू करा, प्रोफाइल १ निवडा, सेव्ह करून बाहेर पडा.

आता पडदा काळा होईल. हात बांधून बसा. डीडीआर५ मध्ये बोर्ड पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएम५ वर त्याला काही मिनिटं लागू शकतात. बोर्डावरचा डीरॅमचा दिवा लागलेला असतो. 'मशीन गेलं' असं वाटून याच वेळी स्विच बंद करणारे पुष्कळ आहेत. पंधरा मिनिटं तरी थांबा.

विंडोज सुरू झालं की सीपीयू-झेडमध्ये वेग बघा. तिथे ३००० दिसेल. घाबरू नका, रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून ३००० म्हणजेच ६०००. मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसी व्होल्टेज १.३ च्या आत आहे ना ते तपासा.

६००० च का, ७२०० का नाही? रायझन ७००० मध्ये साधारण ६००० पर्यंत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने पळतो. त्यापुढे तो बहुधा अर्ध्या वेगावर टाकावा लागतो आणि मिळवलेलं तिथेच जातं. आधीच्या एएम४ आणि डीडीआर४ वर हीच जागा ३६०० ची आहे. आकडा मोठा म्हणजे रॅम वेगवान असंही नाही. सीएलच्या (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते त्या) आकड्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, म्हणजे विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० सीएल१६ चा विलंब १०, ६००० सीएल३० चा विलंबही १०, आणि ६००० सीएल४० चा १३ च्या वर. खोक्यावरचा मोठा आकडा बघून सीएल४० उचलणाऱ्यांनी हा भागाकार दुकानातच करावा.

नंतर 'तशाच आणखी दोन' स्टिक घेऊन चारही खाचा भरायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. रायझन ७००० साठी दोन स्टिकची अधिकृत मर्यादा ५२०० आणि चार स्टिकची ३६०० आहे. ६००० हा मुळात ओव्हरक्लॉकच आहे, आणि चार स्टिकवर तो मिळेल याची हमी कोणीच देत नाही. ३२ जीबी कमी पडणार असेल तर पहिल्यापासूनच ३२ च्या दोन घ्या.

७. रॅमची परीक्षा

या टप्प्यावर प्रोसेसरला अजिबात हात लावायचा नाही. नाहीतर मशीन हँग झाल्यावर दोष कोणाचा हे कळणार नाही.

रॅममधली चूक प्रोसेसरच्या चुकीपेक्षा वाईट असते, कारण ती गप्प राहते. मशीन बंद पडत नाही. गेम चालतो, ब्राउझर चालतो. दरम्यान एखादा फोटो डिस्कवर चुकीचा लिहिला जातो, झिप फाइल उघडताना तक्रार करते, विंडोज अपडेट विनाकारण अडकतं. दोन महिन्यांनी लक्षात येतं तेव्हा बॅकअपमध्येही त्याच खराब फाइली गेलेल्या असतात.

म्हणून मी असं करतो. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चारही फेरे, रात्रभर. विंडोज सुरू न करता ही तपासणी होते, त्यामुळे रॅम फारच डळमळीत असली तरी तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. तिथे एकही एरर नसेल तरच विंडोजमध्ये टेस्टमेम५, तेही अंता७७७ नावाच्या प्रोफाइलसह. मेमटेस्टमधून सुटलेल्या चुका इथे पकडल्या जातात. शेवटी ग्राफिक्स कार्ड तापवणारा एखादा गेम तासभर खेळून लगेच पुन्हा टेस्टमेम५. कारण डीडीआर५ उष्णतेला हळवी असते, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर जाते. स्टिकचं तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतं. ते ५०-५५ अंशांच्या पुढे जात असेल तर कॅबिनेटला समोरून हवा कमी पडतेय.

एक एरर म्हणजे नापास. 'हजारांत एकच आलाय' हा युक्तिवाद इथे चालत नाही. एरर आला तर वेग ६००० वरून ५८०० किंवा ५६०० वर आणा आणि पुन्हा सुरुवातीपासून. व्होल्टेज वाढवून ६००० च पकडून ठेवायचा मोह होतो. प्रोफाइलमध्ये जे व्होल्टेज आहे, डीडीआर५ ला बहुधा १.२५ ते १.४, त्याच्या वर पहिल्या खेपेला जाऊ नका. ५६०० आणि ६००० मधला फरक रोजच्या वापरात तुम्हाला डोळे मिटून ओळखता येणार नाही.

मशीन सुरू व्हायला दरवेळी उशीर लागतो म्हणून लोक 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' (आधीचं ट्रेनिंग जपून ठेवणारा पर्याय) चालू करतात. करा, पण परीक्षा संपल्यावर. आणि ते चालू केल्यानंतर टेस्टमेम५ आणखी एकदा.

८. प्रोसेसर (रायझन): व्होल्टेज कमी करून वेग

चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज थोडं कमी झालं की उष्णता त्याहून जास्त उतरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रोसेसर आपणहून वर चढतो. आपल्या हवामानाला हीच पद्धत मानवते.

बायोसमध्ये पीबीओ (रायझनची आपोआप वेग वाढवायची सोय) 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज वरखाली सरकवणारा पर्याय, सापडेल. सगळे कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), निगेटिव्ह, १० पासून सुरुवात करा. एक पायरी म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. पीबीओच्या वीजमर्यादा मात्र होत्या तशाच ठेवा. ७६०० ला मूळ मर्यादा ८८ वॉटची आहे. ती 'मदरबोर्ड' वर (बोर्ड देईल तेवढी) टाकली तर खोक्यासोबत आलेला छोटा कूलर लगेच हात टेकतो. मोठा कूलर बसवल्यावर मर्यादा वाढवायचा विचार करा, आणि तेव्हाही तापमानाची मर्यादा ८५ वर बांधून घ्या.

मग परीक्षा. इथे नवखे हमखास फसतात, कारण सिनेबेंच आणि प्राइम९५ दोन्ही पास होतात आणि मशीन मात्र रात्री नुसतं उघडं असताना, कोणी काही करत नसताना, रीस्टार्ट होतं. कारण असं की सगळे कोर कामाला लागले की वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली असतात. एकटा कोर क्षणभर ५.१ गिगाहर्ट्झला उडी मारतो, तेव्हा व्होल्टेज कमी पडतं. ही उडी पूर्ण लोडच्या चाचणीत येतच नाही.

यासाठी कोअरसायकलर. तो एकेका कोरवर आळीपाळीने भार टाकतो आणि चुकलेल्या कोरचा क्रमांक सांगतो. रात्रभर चालू द्या. ज्या कोरने मान टाकली त्यालाच थोडी ढील द्या, म्हणजे उणे १५ होता तर उणे १०, बाकीचे तसेच. सर्वांत चांगले म्हणून निवडलेले कोरच बहुतेकदा कमी सहन करतात, कारण कंपनीने त्यांना आधीच कमी व्होल्टेजवर ठेवलेलं असतं.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदींत 'व्हीया-लॉगर' (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधायची सवय लावा. तिथे नोंद असेल तर पडद्यावर काही बिघडलेलं नसलं तरी सेटिंग नापास.

उणे ३० सगळ्यांनाच पचतं असं व्हिडिओत वाटतं. पचत नाही. आणखी एक गोम आहे: व्होल्टेज फार खाली गेलं की कधीकधी प्रोसेसर आतल्या आत वेग चोरतो. पडद्यावर ५.१ दिसतं, स्कोअर मात्र घटलेला. म्हणून एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक'ची (खऱ्या वेगाची) ओळ बघा, आणि प्रत्येक पायरीनंतर स्कोअर वहीत. ज्या पायरीला स्कोअर वाढायचा थांबला तिथे थांबा.

९. इंटेल 'के' वाल्यांसाठी

तेरावी किंवा चौदावी पिढी असेल तर ओव्हरक्लॉकिंगआधी बायोस. यातल्या जास्त ताकदीच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे चिप कायमची कमकुवत होत होती. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आणले आणि खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोसमध्ये 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा आणि त्यावर समाधानी राहा, असंच मी सुचवेन. सेकंडहँड चौदावी पिढी घेऊन तिच्यावर प्रयोग करणं म्हणजे आदल्या मालकाने किती व्होल्टेज पाजलंय ते न कळता पुढे जाणं.

बाकी पिढ्यांत मल्टिप्लायर एकेकाने वाढवा (१०० मेगाहर्ट्झ गुणिले तो आकडा म्हणजे वेग), प्रत्येक पायरीला ओसीसीटी तासभर, तापमान ९० च्या वर जायला लागलं की एक पाऊल मागे. बीसीएलकेचा (मूळ ठोक्याचा) १०० हा आकडा तसाच राहू द्या.

१०. सगळे कोर एकाच पक्क्या वेगावर?

रायझनवर नको. सगळ्यांना ४.९ वर बांधलं की एकट्या कोरची ५.१ ची उडी जाते, गेममध्ये तोटा होतो आणि वीज जास्त जाते.

११. मशीन सुरूच होत नसेल तर

आधी थांबा, ट्रेनिंग चालू असेल. बहुतेक बोर्ड दोनतीनदा अपयशी झाले की स्वतःच मूळ सेटिंगवर परततात.

तसं झालं नाही तर सीमॉस (बायोसची सेटिंग जिथे साठतात ती जागा) पुसायचा. एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) मागचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. मॅन्युअलमध्ये 'क्लिअर सीमॉस' च्या दोन पिना कुठे आहेत ते पाहून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या काही सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. तरीही नाही झालं तर एकच स्टिक दुसऱ्या खाचेत ठेवून बघा.

सीमॉस पुसला की फक्त ओव्हरक्लॉकच जात नाही. फॅनचे वेग आणि काही बोर्डांवर सिक्युअर बूटही मूळ स्थितीला जातं, मग विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडत नाही आणि लोक गेम पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर हे काम दहा मिनिटांचं. बोर्डातच प्रोफाइल सेव्ह करायची सोय असते, पण बायोस अपडेट केला की ती प्रोफाइलं बहुधा उडतात किंवा नव्या बायोसवर लागत नाहीत. आणि नव्या बायोसवर जुने आकडे हाताने भरले, तरी सहावा टप्पा सोडून सातव्या आणि आठव्याची तपासणी पुन्हा करावी लागते.